इंदुरात राहून नाटक करताना : काम, घर आणि मधला वेळ

विंगेतली | इंदूर | रविवार, रात्री १०:१०

मागच्या आठवड्यात हौशी नाटकांच्या धाग्यावर एकीने विचारलं होतं, की मुंबई-पुण्याबाहेर राहून, नोकरी करून, घर सांभाळून रंगभूमीवर काम करणं खरोखर जमतं का. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

मी इंदूरची. माहेर रामबागेतलं, सासर राजेंद्र नगरातलं. दिवसा बँकेत असते, संध्याकाळी तालमीत. कॉलेजच्या दिवसांपासून मराठी नाटकांत कामं करते आहे, आणि आपल्या राज्यात चित्रीकरणं वाढल्यापासून हिंदी वेबसिरीजमधल्या लहान भूमिकाही मिळायला लागल्या आहेत. पोट बँकेवर चालतं. तरी कुणी विचारलं की मी नटी आहे असंच आधी सांगते.

मुद्दा सुरुवातीलाच मांडते. नटाचं काम नटाच्या वेळेवर चालत नाही. ते घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी वेळेवर चालतं. मी साडेआठला तालमीच्या हॉलवर पोचते, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात कुणीतरी उभं असतं, दुधाचा हिशेब कुणीतरी बघत असतं, सासूबाईंची रात्रीची गोळी कुणीतरी काढून ठेवलेली असते. कलाकारांच्या मुलाखतींत घरच्यांच्या पाठिंब्याबद्दल एक वाक्य येतं आणि विषय बदलतो. मला इथे तोच विषय लांबवायचा आहे.

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. जलूदहून विंध्याचा चढ चढवून आणलेलं पाणी ते, ते आलं की उठायचंच. पहाटे मोटार लावायची, टाकी भरायची. माझा खर्जाचा रियाज त्याच वेळेत होतो. मोटारीचा एक सलग सूर लागलेला असतो, त्याच्या खाली आवाज लावायचा आणि श्वास पुरेल तितका वेळ धरायचा. शेजाऱ्यांची झोप मोडत नाही आणि मलाही लाज वाटत नाही. ज्या दिवशी पाणी नसतं त्या दिवशी गच्चीवर जाते. नटाने आवाज रोज लावायला हवा हे सगळेच सांगतात. तो नेमका कधी आणि कुठे लावायचा, हे मात्र आपलं आपल्याला शोधावं लागतं.

पाठांतर सासूबाईंबरोबर. त्या ऐंशीच्या पुढे आहेत. नाटक हातात आलं की मी मोठ्या टाइपात एक प्रत छापून आणते, ती त्यांची. मेथी निवडायला बसल्या की ताटाच्या पलीकडे ती प्रत उघडी ठेवतात, वर चष्म्याची डबी ठेवतात म्हणजे पान उलटत नाही, आणि माझं सोडून बाकी सगळ्यांची वाक्यं त्या वाचतात. बाप, मुलगा, वकील, शेजारीण, सगळे एकाच पट्टीत. कंसातल्या सूचनाही वाचतात. 'खिडकीकडे जात' असं वाचलं की मला ओट्यापासून उठून खरंच खिडकीपर्यंत जावं लागतं, त्याशिवाय त्या पुढचं वाक्य देत नाहीत. संहितेत 'पण' आहे आणि मी 'परंतु' म्हटलं, तरी थांबतात. काही बोलत नाहीत, फक्त बोट त्या ओळीवर ठेवून बसतात.

यातून मला जे मिळालं ते कुठल्याही शिबिरात मिळालं नव्हतं. वाक्य हालचालीला बांधलं गेलं की ते सुटत नाही. तालमीत ब्लॉकिंग (कोण कधी कुठे चालणार, उभं राहणार ते बसवणं) सुरू होतं तेव्हा बाकीचे एका हातात प्रत धरून चालत असतात, माझे हात मोकळे असतात. दिग्दर्शक माझ्या पाठांतराचं कौतुक करतात. मी प्रत्येक वेळी सांगते की ते घरून आलेलं आहे.

मुलगी सातवी-आठवीत होती तेव्हा तिने एकदा विचारलं, "आई, तू माझ्यावर रागावतेस तो राग खरा असतो का?" तिने मला स्टेजवर रागावताना पाहिलं होतं, तोच आवाज, तेच डोळे. मी बराच वेळ विचार केला. मग सांगितलं की स्टेजवरचा राग कुठे संपणार आहे ते मला आधीपासून माहीत असतं, घरातला कुठे संपणार ते माहीत नसतं, म्हणून घरातला खरा. तिला ते पटलं. आज ती पुण्याला नोकरी करते, नाटकात नाही, पण मी माझी प्रत्येक ऑडिशन तिला पाठवते आणि "हे पाठवू नकोस, पुन्हा कर" असं सांगायचा हक्क फक्त तिचा आहे.

नवऱ्याचं औषधाचं दुकान आहे. ते रात्री दहाला बंद होतं, म्हणजे तालमीच्या वेळात ते घरी नसतात. तरी प्रयोगाच्या दिवशी दुकान लवकर बंद करून ते येतात आणि नेहमी शेवटच्या रांगेत बसतात. घरी आल्यावर एवढंच सांगतात, कुठलं वाक्य मागे पोचलं नाही. अभिनयाबद्दल बोलत नाहीत. मला तेच हवं असतं.

आता गावाबद्दल थोडं. इंदूरच्या मराठी नाटकाबद्दल बोलायचं तर नाट्यभारती ही संस्था आणि रंगकर्मी बाबा डिके यांचं नाव आधी घ्यावं लागतं. 'नईदुनिया'सारख्या हिंदी दैनिकाचे संपादक राहुल बारपुते त्याच गोतावळ्यातले, चित्रकार विष्णू चिंचाळकर त्यांच्यातलेच, आणि देवासहून कुमार गंधर्वांचं जाणं-येणं. दिवसभर आपापला व्यवसाय करायचा आणि रात्री कलेच्या कामाला एकत्र बसायचं, ही रीत या गावात त्यांनी घालून दिली. आम्ही तीच चालवतो.

आणि आमची खरी शाळा म्हणजे सानंद. बाहेरच्यांसाठी सांगते, सानंद ही सभासदांसाठी मराठी नाटकं आणणारी इथली संस्था, आणि तिच्या सभासदांचे पाच समूह आहेत : मामा मुजुमदार, रामूभैया दाते, राहुल बारपुते, वसंत आणि बहार. मुंबईहून नाटक आलं की शनिवार-रविवारात त्याचे पाच प्रयोग होतात. मी सभासद एकाच समूहाची, पण ओळखीने दुसऱ्या एखाद्या प्रयोगाला विंगेजवळ उभं राहायला मिळतं. शनिवारी दुपारी पाहिलेलं नाटक रविवारी रात्री पुन्हा पाहायचं. दमलेला नट काय सोडून देतो आणि काय सोडत नाही, हे तिथे दिसतं. चांगला नट हालचाली कमी करतो, आवाज थोडा खाली आणतो, पण दुसऱ्याचं वाक्य ऐकणं सोडत नाही. ऐकणं सुटलं की नाटक गेलं. हे मी त्या पाचव्या प्रयोगांतून शिकले.

कॅमेऱ्यासमोरचं काम वेगळं आहे, त्याबद्दल कुणाला ऐकायचं असेल तर लिहीन.


गराडू | इंदूर | रविवार, रात्री ११:०२

भिया, काय लिहिलंय! ताई, मोटारीच्या सुरात खर्ज हे वाचून मी सकाळी आमच्या बिल्डिंगमध्ये कान देऊन बसणार आहे.

कॅमेऱ्याचं नक्की लिहा. आणि एक सरळ प्रश्न, राग मानू नका : या वेबसिरीजवाल्यांकडे काम मिळतं कसं? माझी मावसबहीण विचारते आहे.


सुरसागर | वडोदरा | सोमवार, सकाळी ८:२५

लेख आवडला. एक मुद्दा मात्र मांडावासा वाटतो, आणि तो मी मनापासून मांडतो आहे.

आमच्या बडोद्याला सयाजीराव महाराजांनी गायक मौलाबक्षांना घेऊन १८८६ साली गायनशाळा काढली. तिचाच पुढे वाढत जाऊन आजचा परफॉर्मिंग आर्ट्स विभाग झाला, महाराजा सयाजीराव विद्यापीठात. तिथे नाट्यशास्त्राची पदवी मिळते. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांतली मुलं तिथे गुजराती मुलांबरोबर शिकतात, आणि त्यांचं काम पाहिलं की शिक्षणाने काय होतं ते कळतं. आवाज, शरीर, संहितेचं विश्लेषण, प्रकाशयोजना, सगळं क्रमाने.

हौशी रंगभूमीवर मी प्रेम करतो, वडिलांचं आयुष्य त्यातच गेलं. पण 'सासूबाईंनी शिकवलं, सानंदने शिकवलं' यात भावना आहे, पद्धत नाही, असं मला वाटतं. नव्या मुलांनी हे वाचून शिक्षण टाळलं तर त्यांचं नुकसान होईल.


विंगेतली | इंदूर | सोमवार, रात्री ११:४०

सुरसागर, तुमचं म्हणणं निम्मं मान्य. विशी-पंचविशीतल्या मुलाने शिकूनच यावं. आपल्याकडे भोपाळला २०११ पासून मध्य प्रदेश नाट्य विद्यालय आहे, दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तुमचं बडोदं आहे. आमच्या वेळी घरून हे शक्य नव्हतं, आता पुष्कळ घरांतून शक्य आहे.

उरलेलं निम्मं मान्य नाही. सासूबाईंच्या बोटात पद्धतच आहे. चुकीच्या शब्दावर थांबायचं, हालचाल झाल्याशिवाय पुढचा शब्द द्यायचा नाही, आणि हे रोज, न कंटाळता. नट शाळेतून बाहेर पडल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षं त्याच्याशी असं कुणी बसणार असेल तरच शाळेत शिकलेलं टिकतं.

गराडू, काम कसं मिळतं ते सांगते. मध्य प्रदेशाला ६५व्या आणि पुन्हा ६८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत चित्रीकरणासाठी सर्वांत अनुकूल राज्याचा मान मिळाला. महेश्वर, चंदेरी, मांडू, ओरछा, भोपाळ इथे सतत कुणी ना कुणी असतं. मुख्य भूमिका मुंबईहून ठरून येतात. पोस्टमन, वकिलाची बायको, नर्स, सरपंच, शेजारीण हे इथून घेतात. कारण सोपं आहे, इथल्या माणसाचा प्रवास आणि मुक्काम स्वस्त पडतो आणि बोली आयती मिळते. त्यासाठी स्थानिक कास्टिंग करणारे लोक असतात, ते नाटकाच्या गटांना फोन करतात. मग सेल्फ टेप, म्हणजे आपणच घरी काढलेला ऑडिशनचा व्हिडिओ, मागवतात : आधी नाव, वय, उंची, शहर, मग डावा-उजवा चेहरा, मग दोन सीन. मागे रिकामी भिंत, खिडकीकडे तोंड. मावसबहिणीला सांगा, ऑडिशनचे किंवा 'पोर्टफोलिओचे' पैसे कुणी मागितले तर तिथेच नमस्कार करायचा.

आता कॅमेऱ्याचं. नर्मदेच्या घाटाजवळच्या एका जुन्या वाड्यात माझा सीन होता. मी आई, मुलगा जेवायला बसलाय, त्याला भात वाढता वाढता सांगायचं की जमीन विकली. एवढंच. सकाळी वाइड, म्हणजे सगळे दिसतील असा लांबून शॉट, घेतला, मग त्याचा क्लोजअप, मग जेवणाची सुट्टी, मग माझा. सगळ्यांत तोच भात, तोच डाव, तीच चार वाक्यं. कंटिन्युइटी बघणारी मुलगी वही घेऊन बसली होती. 'जमीन' म्हणताना डाव पातेल्यात होता की ताटावर, पदर कुठल्या खांद्यावर, ताटात भात किती, सगळं तिच्याकडे लिहिलेलं. सकाळी आणि दुपारी एक जरी गोष्ट बदलली तरी ते तुकडे जोडता येत नाहीत.

मला ते जमलं, कारण माझं वाक्य हाताला बांधलेलं होतं. 'विकली' म्हटल्यावर डाव ताटाच्या कडेला टेकवायचा, हे मी घरी सासूबाईंसमोर रिकामं पातेलं घेऊन केलं होतं. पण माझ्या क्लोजअपच्या वेळी दिग्दर्शक जवळ आले आणि हळूच म्हणाले, "आप आख़िरी रो तक बोल रही हैं. कैमरा यहाँ है." माझ्या छातीपासून हातभर अंतरावर. रवींद्र नाट्यगृहात ज्या आवाजाने मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, तो आवाज तिथे नकोच होता. मी पुढचा टेक फक्त त्या मुलासाठी बोलले, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय. तोच ठेवला त्यांनी.

त्यानंतर स्टेजवर परतल्यावर माझ्यात एक बदल झाला. आता मी आधी समोरच्या नटाशी बोलते आणि मग तेच मोठं करते. पूर्वी थेट प्रेक्षकांसाठी मोठं करायचे.


कॉलशीट | मुंबई, मूळ ग्वाल्हेर | मंगळवार, दुपारी १:१५

मी सहायक दिग्दर्शक म्हणून काम करतो, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलो. विंगेतली यांनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे. व्यवहाराचं थोडं जोडतो, कारण आमच्या क्षेत्रात त्याबद्दल कुणी उघड बोलत नाही.

एक तर, दिवसाचा दर फोनवर ठरला तरी तो मेसेजवर लिहून घ्या. त्यात दर, दिवस किती, शिफ्ट किती तासांची, प्रवास आणि मुक्काम कुणाकडे, हे सगळं यावं. पैसे साधारण ९० दिवसांनी मिळतात ही या धंद्यातली जुनी चाल आहे. छोट्या भूमिकांसाठी मात्र बरेच जण शूट संपताच देतात, तसं आधी मागा. टीडीएस कापला तर तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते आयकराच्या पोर्टलवर बघा. पॅन चुकीचा दिल्यामुळे कितीतरी लोकांचे पैसे अडकतात.

ज्यांना हे नियमित करायचंय त्यांनी सिंटाचं, म्हणजे सिने-टीव्ही कलाकारांच्या संघटनेचं, सभासदत्व घ्यावं. मानधन थकलं तर संघटना पत्र पाठवू शकते, एकट्या माणसाच्या फोनला कुणी विचारत नाही.

आणि हौशी मंडळींना एक विनंती. सेटवर 'मला पैशांचं काही नाही, काम मिळालं हेच खूप' असं म्हणू नका. तुमच्या मागे जो उभा आहे, ज्याचं पोट यावर आहे, त्याचा दर तुम्ही पाडता.


विंगेतली | इंदूर | मंगळवार, रात्री १०:५५

कॉलशीट, शेवटचा परिच्छेद प्रत्येक हौशी गटाच्या भिंतीवर लावायला हवा.

माझ्याही एका कामाचे पैसे आजवर आलेले नाहीत. नाव घेत नाही. रात्रपाळीचं शूट, नोव्हेंबरची थंडी, पहाटे घरी सोडायला गाडीसुद्धा नव्हती. पैसे गेले त्यापेक्षा एक गोष्ट जास्त लागली. त्या रात्री सासूबाई एकट्या राहू नयेत म्हणून माझी नणंद उज्जैनहून येऊन राहिली होती. माझा एक दिवस बुडवला एवढंच त्या कंपनीच्या हिशेबात असेल. आमच्या घरात तीन माणसांचा दिवस बुडाला.

बँकेतल्या मंडळींसाठी : बाहेरचं मानधन घ्यायचं तर सेवाशर्तींप्रमाणे लेखी परवानगी लागते. मी दर वेळी अर्ज करते, दर वेळी मिळते. मार्चअखेरीला कुठलंही काम घेत नाही.


ओट्यापाशी | इंदूर | बुधवार, दुपारी ३:३०

या धाग्यावर लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

तुम्ही ज्या 'कुणीतरी उभं असतं' बद्दल लिहिलंत, तशांतली एक मी. माझे यजमान नाटकात काम करायचे, नावाजलेले होते, गावातले लोक अजून आठवण काढतात. आता ते नाहीत. मुलाकडे सुदामा नगरात असते.

मला स्वयंपाकाचा त्रास कधी वाटला नाही. तालमीला पंधरा माणसं घरी यायची, पोहे-चहा करताना मी आनंदात असायचे. नाटक आमचंच आहे असं वाटायचं. मला लागायचं ते दुसरंच. प्रयोग करून ते घरी आले की एक शब्द बोलायचे नाहीत. सभागृहभर लोकांशी अडीच तास बोलून आलेला माणूस माझ्याशी बोलायला उरायचा नाही. मी जागी असायचे, काय झालं ते ऐकायला. ते पाणी प्यायचे आणि झोपायचे. दुसऱ्या दिवशी मित्र यायचे तेव्हा त्यांना सगळं सांगायचे, आणि मी आतून ऐकायचे.

तक्रार म्हणून नाही लिहिलं. पण घरच्यांबद्दल लिहिताय तर हेही असू द्या.


माळवी मैना | देवास | बुधवार, संध्याकाळी ६:१२

ओट्यापाशी काकू, वाचून थांबले. हे आमच्या घरी अगदी असंच होतं, फक्त बाबा गायचे. आईला दाखवते तुमचा प्रतिसाद.


विंगेतली | इंदूर | बुधवार, रात्री ११:५०

काकू, तुम्ही लिहिलंत याचे आभार मानावेत तितके थोडे.

प्रयोग संपल्यावर नट बोलू शकत नाही, हे खरं आहे. रंगभूषा पुसायला दहा मिनिटं लागतात, आतलं उतरायला काही तास जातात. आवाज संपलेला असतो, आणि दुसऱ्याचे शब्द इतका वेळ तोंडात असतात की स्वतःचे सापडत नाहीत. पण यावरून घरच्यांशी न बोलणं बरोबर ठरत नाही. माझ्या पाहण्यात ही सवय बहुतेक पुरुष नटांना असते, आणि त्यांना ती परवडते. बाई प्रयोगाहून घरी आली की तिला उद्याच्या डब्याचं विचारावंच लागतं, गप्प बसायची सोय नसते. त्या निमित्ताने आम्ही बोलत्या राहतो.

माझ्याकडे एक रीत पडली आहे. कितीही उशीर झाला तरी सासूबाईंच्या पलंगाशी बसते आणि त्यांना एवढंच सांगते, कुठलं वाक्य चुकलं, कुणाचं. त्यांना सगळ्यांची वाक्यं पाठ असतात, त्यामुळे 'वकिलाने तिसऱ्या प्रवेशात उडी मारली' म्हटलं की त्यांना सगळं दिसतं. 'मग तू काय केलंस?' विचारतात. मी सांगते. पाच-सात मिनिटं. त्यांच्यासाठी करते असं मला सुरुवातीला वाटायचं, आता कळतं की मी त्याशिवाय झोपू शकत नाही.

तुमच्या यजमानांनी तुम्हालाच आधी सांगायला हवं होतं. मित्रांना दुसऱ्या दिवशी. हे मी एक नटी म्हणून म्हणते आहे.


पहिली एन्ट्री | इंदूर | गुरुवार, रात्री १२:२०

मी २३ वर्षांचा आहे. विजय नगरला आयटी कंपनीत आहे. कॉलेजात एकांकिका केल्या. नोकरी सोडून मुंबईला जायचंय. बाबा महिनाभर माझ्याशी धड बोलत नाहीयेत. ते म्हणतात, स्वानंद किरकिरे इंदूरचे, गेले आणि नाव काढलं, पण असे किती? मला काय उत्तर द्यावं कळत नाही. ताई, तुम्ही माझ्या जागी असतात तर?


सुरसागर | वडोदरा | गुरुवार, सकाळी ९:००

मित्रा, तुझ्या बाबांच्या उदाहरणातच उत्तर आहे. स्वानंद किरकिरे आधी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले, मग मुंबईला गेले. गीतकार म्हणून दोनदा राष्ट्रीय पुरस्कार, आणि पुढे 'चुंबक' या मराठी चित्रपटासाठी सहायक अभिनेत्याचा. मधली वर्षं बघ. आधी शिक.


विंगेतली | इंदूर | गुरुवार, रात्री ११:३०

पहिली एन्ट्री, तुझ्या जागी मी नाही, म्हणून मी काय केलं असतं ते सांगणं खोटं होईल. मला जे दिसतं ते सांगते.

सुरसागर म्हणतात ते खरं, मुंबईच्या आधी शिक्षण. भोपाळचं विद्यालय घरापासून तीन-चार तासांवर आहे, तिथल्या प्रवेशाची माहिती काढ. तोवर नोकरी सोडू नको. इथल्या गटात ये, नेपथ्य उचल, प्रकाशयोजनेच्या माणसाबरोबर शिडीवर चढ, दुसऱ्याची भूमिका पाठ कर. कंटाळा येतो का ते कळेल. ज्याला तालमीचा कंटाळा येतो त्याने या वाटेला जाऊ नये, कारण प्रयोग थोडे आणि तालमीच फार असतात.

आणि बाबांचं. त्यांना प्रयोगाला बोलावू नकोस, तालमीला बोलाव. प्रयोगात त्यांना टाळ्या दिसतील, आणि टाळ्यांवर घर चालत नाही हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तालमीत त्यांना तू एकच एन्ट्री पुन्हा पुन्हा घेताना दिसशील, दिग्दर्शक ओरडताना दिसेल, तू न चिडता परत विंगेत जाताना दिसशील. आपल्या मुलाला काम करताना पाहिलं की बापाची भाषा बदलते. माझ्या वडिलांची बदलली होती. ते स्वतःहून एकदा हॉलवर आले, दाराशी उभे राहिले, आणि घरी येऊन आईला म्हणाले, "मेहनत करते आहे." त्यानंतर त्यांनी तालमीच्या वेळेवरून मला कधी अडवलं नाही.

भांडून जाऊ नकोस. या कामात महिनोन्महिने काम नसतं, आणि तेव्हा फोन करायला घर लागतं.


पहिली एन्ट्री | इंदूर | शुक्रवार, सकाळी ७:४५

ताई, बाबांना विचारलं. 'बघू' म्हणाले. महिन्याभरातलं हे पहिलं 'बघू' आहे.


गराडू | इंदूर | शुक्रवार, सकाळी ८:१०

'बघू' म्हणजे येणार! पोहे माझ्याकडून.


ओट्यापाशी | इंदूर | शुक्रवार, दुपारी ४:०५

विंगेतली, तुमचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. त्याने विचारलं, आई तुला तालमीला जायचंय का? मी इतकी वर्षं तालमी आतल्या खोलीतून ऐकल्या, समोर बसून एकही पाहिली नाही. अभिनय मला जमणार नाही. पण मला वाचता स्पष्ट येतं आणि डोळे अजून चांगले आहेत. तुमच्याकडे प्रॉम्प्टिंगला कुणी लागतं का?


विंगेतली | इंदूर | शुक्रवार, रात्री १०:३५

काकू, लागतं म्हणजे काय, आमचा प्रॉम्प्टर मुलगा परीक्षेमुळे सुट्टीवर आहे आणि नट एकमेकांना वाक्यं देताहेत. सोमवारी या. वेळ साडेआठ, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. तुम्हाला सुदामा नगरातून घ्यायला आमच्यातलं कुणीतरी येईल आणि साडेदहापर्यंत घरी सोडेल, मुलाला तसं सांगा.

पहिला अंक बसला आहे, दुसऱ्याचं ब्लॉकिंग चालू आहे. वाक्य लगेच द्यायचं नाही, आधी नटाच्या तोंडाकडे बघायचं. तो पॉज घेतोय की विसरलाय, ते दोन-तीन तालमींत तुम्हाला कळायला लागेल. पेन आणू नका, पेन्सिल आणि खोडरबर आणा. दिग्दर्शक दुसऱ्या अंकातली वाक्यं अजून कापताहेत.